काळो किल्लो आणि तांदळाचा दाणा

पेडण्यातल्या एका घरात, पोटात तांदळाचा एक दाणा घेऊन बावीस वर्षं काढलेला, त्यातली बरीच कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर बसून, असा मी एक जुना डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटल्यावर तुम्हाला पोह्यांचा नाहीतर पापडांचा डबा आठवला असेल. तसला नव्हे हो. मी व्हिडिओ गेमचा डबा. मला टीव्हीला जोडायचं, झाकण उघडून तबकडी घालायची, बाजूच्या कप्प्यात बोटाएवढं मेमरी कार्ड खोचायचं आणि खेळायला बसायचं. मला सगळं आहे, फक्त तोंड नाही. ते असतं तर ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वी एका वाक्यात संपली असती. नव्हतं म्हणून दोन जिवलग मित्र एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, आणि मी वरून नुसता बघत राहिलो.

माझा जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मस्कतहून आलेल्या यशवंतमामांच्या बॅगेत, साबणाच्या वड्या आणि दूध पावडरीच्या डब्यांमध्ये दबून. भाच्यासाठी, म्हणजे दत्तप्रसादसाठी, त्यांनी मला आणलं होतं. दत्तप्रसाद तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शेजारच्या खोलीत सुदेश राहायचा. त्याचे लोक सावंतवाडीकडचे. वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे आणि आठवड्यातून एकदा लाल धुळीने माखून घरी यायचे. सुदेशचं निम्मं जेवण आमच्याकडेच व्हायचं. दत्तप्रसादची आई, शालिनी, दोन ताटं मांडताना कोणाचं कुठलं हेही बघायची नाही.

माझ्याबरोबर खेळाची तबकडी एकच आली होती. वेष्टणावरची लिपी कोणालाच वाचता येईना. चित्रात एक नावाडी होता, त्याच्या हातात कंदील, आणि नदीपलीकडे एक काळाकुट्ट किल्ला. सुदेशने तिथल्या तिथे बारसं केलं, "काळो किल्लो."

आता माझ्याच पोटात फिरणाऱ्या खेळाची स्तुती मी करावी हे बरं दिसत नाही, पण खरं ते सांगतो. त्या खेळात एक अजब गोष्ट होती. कंदील मोठा केला तर वाट दिसायची, पण किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना तुम्हीही दिसायचात. लहान केला तर तुम्ही सुरक्षित, पण पुढचं पाऊल कुठे पडेल याचा पत्ता नाही. दर पावलाला ठरवायचं, भीती कोणती परवडते. दोघे मुलगे श्वास रोखून बसायचे. वाईटही बरंच होतं. होडी वल्हवताना अंगठे मोडून यायचे, आणि भिंतीशी गेलं की नावाडी दिसायचाच बंद. पण पंधराव्या वर्षी माणूस अंगठ्याची पर्वा करत नाही.

त्या दोघांनी एक करार केला होता. डबा दत्तप्रसादच्या घरी राहणार आणि कार्ड सुदेशच्या खिशात. आपल्याकडे देवळाच्या पेटीला दोन कुलपं असतात आणि किल्ल्या दोन मानकऱ्यांकडे असतात ना, अगदी तसं. एकट्याने कोणी पुढे जायचं नाही. खेळ कुठवर आला हे त्या कार्डावर लिहिलेलं राहायचं, त्यामुळे सुदेश आल्याशिवाय माझी नदी जागची हलायची नाही. एका रविवारी तर दोघे केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जाऊन आले, खरा किल्ला आतून कसा असतो ते बघायला. आल्यावर शालिनीने दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला आणि मग जेवायला वाढलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते शेवटच्या पुलापाशी पोचले. पुलाच्या अलीकडे एक दिवा होता. तो लावला की खेळ कार्डावर नोंदला जायचा. दिवा लावला, सुदेशने कार्ड काढलं आणि खिशात टाकलं. पुलापलीकडे काय आहे ते आता दसऱ्याला बघायचं असं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. कोयता, विळी, शिवणाचं यंत्र, सायकल. मीही नवा गडी म्हणून त्या मानाच्या ओळीत बसलो होतो. शालिनीने मला गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता डोक्यावर टाकल्या. मित्रांनो, माझी इतकी पूजा आजवर कोणी केली नव्हती. मी अगदी फुगून गेलो होतो. त्या अक्षतांतला एक दाणा घरंगळत माझ्या बाजूला आला आणि रिकाम्या कप्प्यातून थेट आत गेला. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत तो ओला दाणा आत चिकटून वाळला. सुदेश आला, त्याने कार्ड खोचलं, आणि टीव्हीवर कार्डाचं चित्र आलं. त्या चित्रावर लाल फुली होती, म्हणजे कार्ड वाचलं जात नव्हतं.

दोघांनी कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. फुलीच. कप्प्यात फुंकर मारली. त्या फुंकरीने दाणा आणखी आत सरकला. दोघांची तोंडं उतरली, आणि मग दत्तप्रसादने जे विचारायला नको होतं ते विचारलं.

"कार्ड खंय घेवन गेल्लंस?"

"खंय नाय. खिशात होतां."

"न्हंयत न्हावक गेल्लंस. भिजयलंस तू." न्हंय म्हणजे नदी.

"पँट काठार काढून ठेयलेली. कार्डाक कायेक झालां नाय. तुझ्या डब्याक ईचार."

"माझो डबो काल बरो होतो," दत्तप्रसाद म्हणाला, आणि मग हळूच, पण स्पष्ट म्हणाला, "तुका एकट्याकच फुडे जावचां होतां. दुसरीकडे खंय तरी खेळलंस आणि कार्ड बिघडयलंस. फटकिरो."

फटकिरो म्हणजे खोटारडा. सुदेशने कार्ड खिशात टाकलं आणि उंबऱ्याबाहेर गेला. शालिनीने मागून हाक मारली, ताट वाढलंय म्हणून. तो थांबला नाही. मी तिथेच होतो हो. दोष माझ्या पोटात होता, आणि मला तो सांगता येत नव्हता. पूजेने कोणाचं वाईट झालं असेल, हा विचार तर त्या घरात कोणाच्या मनाला शिवणारच नव्हता.

सुदेशच्या वडिलांनी पुढे चोपड्याला बिऱ्हाड केलं. दत्तप्रसाद मला घेऊन एकटाच बसायचा. कार्ड नाही म्हणजे नोंद नाही. दर खेपेला सुरुवातीपासून खेळायचं, पाच तासांनी पुलापाशी पोचायचं आणि तिथे कोणी जेवायला बोलवायचं नाहीतर वीज जायची. नदीचा भाग त्याला तोंडपाठ झाला. पूल त्याने कधी ओलांडला नाही. मग नोकरी आली, लग्न झालं, आणि मी वरच्या फळीवर गेलो.

पण स्तुती थांबली नाही बरं का. कुठेतरी मोठमोठ्या जाणकारांनी जुन्या खेळांची यादी केली आणि तीत काळो किल्लो अगदी वर बसवला. ते मोबाइलवर वाचल्यापासून दत्तप्रसादच्या जिभेला ऊत आला. पाहुणे आले की सुरू. "असा खेळ पुन्हा झाला नाही. आणि पुलापलीकडचं बघाल तर माणूस गप्पच होतो." गप्प तो स्वतः व्हायचा, कारण पुढे सांगायला काही नव्हतं. मोबाइलवर शेवट बघणं सोपं होतं, पण ते त्याने कधी केलं नाही. आपलं अर्धं राहिलेलं जेवण दुसऱ्याच्या ताटात बघून कोणाचं पोट भरतं?

सुदेश पेडणे-म्हापसा बस चालवू लागला. ती बस रोज आमच्या दारावरून जायची. दत्तप्रसाद त्या बसमध्ये कधीही चढला नाही. स्कूटर बिघडली तर पुढच्या बसची तासभर वाट बघायचा, एकदा तर भर उन्हात कचेरीपर्यंत चालत गेला. पण त्याची मुलगी गौरवी, यंदा सातवीत गेलेली, दर शनिवारी त्याच बसने चित्रकलेच्या वर्गाला म्हापशाला जायची. तिला जुनं भांडण ठाऊकच नव्हतं.

यंदा तिच्या शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी विषय निघाला, नावाजलेली एखादी जुनी गोष्ट खरोखर तेवढी चांगली आहे का. गौरवीने काळो किल्लोचं नाव दिलं. बाई म्हणाल्या, ऐकीव काही चालणार नाही, शेवटपर्यंत खेळून लिही. तिने बसमध्ये सहज ड्रायव्हरकाकांना विचारलं, तुम्ही कधी काळो किल्लो खेळलात का. सुदेशने आरशातून तिच्याकडे बघितलं.

"खेळलंय. भिकार खेळ. माणसाची मेहनत गिळून बसतां."

म्हणजे वडील म्हणणार थोर आणि काका म्हणणार भिकार. गौरवीला दोन्ही पटेनात. दसऱ्याच्या सुट्टीत तिने मला खाली उतरवलं.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी पाचावर धारण बसली. माझा पंखा कुरकुरत होता. आतली एक तार जेमतेम धरून होती. मी आणखी किती तास चालेन याचा मलाच भरवसा नव्हता, आणि मी बंद पडलो की दाणा पोटात ठेवूनच भंगारात जाणार होतो. मग खरं काय घडलं ते जगात कोणालाही कळणार नव्हतं.

पहिल्या दिवशी पोरगी पाच तास खेळून पुलापाशी आली, आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथवर आली. दत्तप्रसाद मागे खुर्चीवर बसला होता. तिने अंगठे चोळत विचारलं, "बाबा, पुलापलीकडे नक्की काय आहे?"

 तिने मागे वळून बघितलं.

"तुम्ही पूल ओलांडलाच नाही ना?"

"नाय," तो म्हणाला.

"मग एवढी वर्षं लोकांना सांगता ते?"

पोटच्या पोरीसमोर मान खाली घालायची वेळ कोणावर येऊ नये. त्याने सगळं सांगितलं. सुदेश, करार, कार्ड, लाल फुली. तो सांगत असताना मी तापून धापा टाकत होतो, आणि पुलापाशी नावाडी तसाच उभा असताना टीव्हीचा पडदा काळा झाला. गौरवी मात्र वेगळाच विचार करत होती. बसच्या समोर, देवाच्या फोटोखाली, उदबत्तीच्या छोट्या डबीत एक करड्या रंगाचं कार्ड असतं. तिने एकदा विचारलं होतं, हे काय. काका म्हणाले होते, एका खोट्या आळाची आठवण.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. तिने बसमध्ये ते कार्ड मागितलं.  सुदेशने बस थांब्यावर लावली, मग म्हणाला, "कार्ड माझ्याशिवाय त्या डब्यात जावचां नाय. करार आसा. बापाशीक सांग, दसऱ्याक येतंय."

दसऱ्याच्या सकाळी बस दारात उभी राहिली. झेंडूच्या माळा, चाकांखाली फोडलेली लिंबं, सगळं साग्रसंगीत. सुदेश उतरला. बावीस वर्षांपूर्वी ज्या उंबऱ्यावरून तो गेला होता, त्याच उंबऱ्याशी चप्पल काढून उभा राहिला. दत्तप्रसाद "ये" म्हणाला नाही. "बस" म्हणाला नाही. नुसता बाजूला झाला. मला टीव्हीला जोडलेलं होतं. गौरवीने बटण दाबलं आणि माझा पंखा कुरकुरू लागला.

सुदेशने डबी उघडली. कार्ड पुसलं. माझ्या कप्प्यात खोचलं.

लाल फुली.

"बघितलंस," सुदेश म्हणाला. "तुझो डबो."

"तुझां कार्ड," दत्तप्रसाद म्हणाला.

तेच शब्द, तोच दिवस. दोघांचे केस पिकू लागले होते आणि भांडण मात्र पंधरा वर्षांच्या पोरांचंच होतं. सुदेशने कार्ड काढून घेतलं आणि डबीत ठेवू लागला. आता तो गेला की परत यायचा नाही, हे मला दिसत होतं. बघा रे आत, कोणीतरी आत बघा. पण माझा आवाज म्हणजे नुसती घरघर. दत्तप्रसाद म्हणाला, "बंद कर तो, जळान जायत," आणि गौरवीने माझं बटण दाबलं.

तेवढ्यात शालिनी पूजेचं तबक घेऊन आली. सत्तरीची झाली होती, कोणत्या वादात कोण उभा आहे हे बघायची तिला सवयच नव्हती. सुदेशला बघून म्हणाली, "इलंस? जेवन जा," जणू तो कालच गेला होता. मग तिने मला गंध लावलं, फूल ठेवलं आणि ओल्या अक्षतांची चिमूट सोडली. एक दाणा घरंगळत बाजूला आला आणि कप्प्याच्या काठावर अडला.

"आजी, थांब," गौरवी म्हणाली.

ती त्या दाण्याकडे बघत राहिली. मग तिने कप्प्याकडे बघितलं. मोबाइलची बॅटरी लावून तिने एक डोळा मिटला. 

"आत काहीतरी लाल आहे."

सुदेश बसमधून पान्या-पेचकसांची पेटी घेऊन आला. तिच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. माझे स्क्रू गंजलेले, एक तर फिरेचना. दत्तप्रसादने मला घट्ट धरलं आणि सुदेशने जोर लावला. त्या दोघांचे हात एकाच वस्तूवर बावीस वर्षांनी आले होते, आणि ती वस्तू मी होतो. गौरवीने शिवणाची सुई आत घातली, हळूहळू खरवडलं, आणि तिच्या तळहातावर एक वाळका, कुंकवाने तांबूस झालेला तांदळाचा दाणा पडला.

शालिनीने तो बघितला आणि हातातलं तबक खाली ठेवलं. "माझ्याच हातान झालां ह्यां?"

"तू पूजा केलंस गे आई," दत्तप्रसाद म्हणाला. "आळ मी घेतलंय."  त्याने तो दाणा आपल्या हातावर घेतला, तबकातलं आपट्याचं पान घेतलं आणि दोन्ही सुदेशपुढे धरलं. "सोनां घे. आणि माका माफ कर. फटकिरो मी होतंय."

सुदेशने पान घेतलं नाही लगेच. त्याचे डोळे भरले होते, रागही पूर्ण गेला नव्हता, आणि तो का जावा? बावीस वर्षांचा राग होता तो. शेवटी त्याने पान घेतलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "कार्ड घालतंय. बस."

स्क्रू लागले, बटण दाबलं गेलं. या खेपेला फुली आली नाही. पुलाअलीकडचा तो दिवा पडद्यावर तसाच तेवत होता, कालच लावल्यासारखा.

आता सगळा भार माझ्यावर होता. माझ्या आतून जळका वास येऊ लागला. शालिनी पुठ्ठ्याने मला वारा घालत बसली. दोघांनी आळीपाळीने खेळत, कंदील लहान ठेवून, पूल ओलांडला. मी नेटाने तग धरला. मेलो तरी चालेल, पण आज नको, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि पुलापलीकडे काय होतं सांगू? जवळजवळ काहीच नव्हतं. तीन रिकाम्या खोल्या, एक ढब्बू राक्षस, त्याला चार वेळा वल्ह्याने बडवायचं, आणि मग पडद्यावर परदेशी नावांची लांबलचक यादी. पाव तासात सगळं आटोपलं.

"इतक्यांच?" दत्तप्रसाद म्हणाला.

 सुदेशचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते मला कळेना, बहुतेक दोन्ही. "बावीस वर्सां तू ह्या खेळाची आरती करत रवलंस आणि मी शिव्ये देत रवलंय," तो म्हणाला. "आणि शेवट दोघांनीय बघलेलो नव्हतो."

गौरवीने वहीत ते वाक्य उतरून घेतलं. तिचा लेख अंकात पहिला आला असं नाही, पण बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. तिने लिहिलं होतं, खेळाचा शेवट सुमार आहे आणि होडी तर छळ आहे, पण कंदिलाचा भाग इतका चांगला आहे की तेवढ्यासाठी तो नावाजला गेला तर त्यात अन्याय नाही. मात्र माझ्या वडिलांनी केलेली स्तुती आणि काकांनी केलेली निंदा, दोन्ही मी धरलेल्या नाहीत, कारण त्या खेळाबद्दल नव्हत्याच. मला, म्हणजे डब्याला, हा निकाल थोडा लागला, खोटं कशाला बोलू. पण तो खरा आहे, आणि शेवटपर्यंत खेळून दिलेला आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा. दसऱ्याला आमची पूजाही जरूर करा, आम्हाला आवडतं. पण काही बिघडलं तर आधी बॅटरी घेऊन आत बघा आणि मगच माणसाकडे बोट दाखवा. आमच्यावर आळ आला तर आम्ही फळीवर पडून राहू शकतो. माणसाला तो बावीस वर्षं खिशात घेऊन फिरावा लागतो.

मी अजून चालतो, रविवारी थोडाच वेळ. कार्ड अजूनही सुदेशकडेच असतं. तो आला की खेळ पहिल्यापासून सुरू होतो, नदीपासून. इतर दिवशी माझ्या कप्प्यावर आपट्याचं एक वाळकं पान ठेवलेलं असतं. आणि सोमवारी सकाळी दारात बस थांबली की दत्तप्रसाद स्कूटर घरी ठेवून, पुढच्या दाराने, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसतो.